देविदासची कणगी

वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा देविदास राठोड माझा चौथीतला विद्यार्थी. हुशार होता, पण प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायचा. ही सवय पुढे कॅमेऱ्याच्या बाबतीत त्याला भोवली.

२००७ साली एका ट्रकवाल्याकडून त्यानं जुना डिजिटल कॅमेरा घेतला. सोबत माहितीपुस्तक नव्हतं. देविदासचं त्यावाचून काही अडलं नाही. रेडिओ, पंप, सायकल तो उघडूनच शिकला होता. बटणांवरच्या चित्रांचे अर्थ त्यानं स्वतः लावले. फूल म्हणजे लग्नाचे फोटो. विजेची खूण म्हणजे धोका, डीपीच्या पेटीवर असते तीच. तिला हात लावायचा नाही. आणि एका बटणावर होती उभ्या रेघांची, वर झाकण असलेली कणगी. त्यांच्या बंजारा तांड्यात प्रत्येक घरात ज्वारीची कणगी असतेच, त्यामुळे या खुणेबद्दल त्याला शंकाच आली नाही.

त्याच सुमारास त्याच्या मुलीचं, शितलचं लग्न झालं. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं ती नवऱ्याबरोबर पुण्याला जाणार होती. तिनं एकच मागितलं: आजीचा फेटिया-कांचळीतला फोटो. आजी, म्हणजे देविदासची आई जिवनबाई, तो जुना घागरा-चोळीचा पोशाख आता सणालाच घालायची. शुक्रवारी तिनं सकाळभर बसून सगळं अंगावर चढवलं. आरशांची ओढणी, चांदी, कोपरापर्यंत बांगड्या. देविदासनं पुष्कळ फोटो काढले.

शनिवारी तो आखाडा बाळापूरच्या फोटोवाल्याकडे गेला. आहे ते सगळं काढून दे म्हणाला. हाती आलं ते असं: शेळीची पाठ, स्वतःचा अंगठा, कडुनिंबाचं बूड आणि जिवनबाईचा एक कान.

तो तडक माझ्याकडे आला. तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "गुरुजी, चांगले तेवढे कणगीत घातले होते. बाहेर राहून खराब व्हतील म्हून."

मी कॅमेरा हातात घेतला, चष्मा लावला आणि ते बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला. 'पुसून टाकू का?' असं कॅमेरा विचारत होता, आणि देविदास प्रत्येक चांगल्या फोटोला हो म्हणत आला होता. ती कणगी नव्हती, केराचा डबा होता. हे त्याला सांगताना मला हसू आवरेना, म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

आता आईला पुन्हा नटायला कोण सांगणार? मला सोबत घेऊनच तो तांड्यावर गेला. जिवनबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकाला सोडून मलाच विचारलं, की शाळेत याला तुम्ही नेमकं काय शिकवलं? मग शितल येऊन तिच्याजवळ नुसती बसली, आणि म्हातारी उठून आत गेली.

उन्हं कलायच्या आत फोटो निघाला. या वेळी एकच, आणि तो पडद्यावर मी स्वतः पाहिला. आरसा न् आरसा दिसत होता. देविदासनं खुशीत परत बटणांकडे बोट नेलं, तोच जिवनबाईनं कॅमेरा काढून घेतला.

"तुझ्या कणगीला बूड न्हाई," ती म्हणाली. "आता माझ्या कणगीत राहू दे."

आणि घरात जाऊन तिनं तो खरोखरच ज्वारीत पुरला. वर झाकण घातलं, झाकणावर पाटा ठेवला.

रविवारी सकाळी फोटोवाल्यानं कॅमेरा उघडला तेव्हा टेबलावर चार दाणे पडले. त्यानं देविदासकडे पाहिलं. देविदास रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिला.

संध्याकाळी शितल फोटो घेऊन पुण्याला गेली. त्याची एक प्रत माझ्याकडेही आहे. फोटो फार छान आलाय. फक्त जिवनबाईची नजर कॅमेऱ्याकडे नाही. ती देविदासच्या बोटावर खिळलेली आहे.