इंदूरला अडकलेली सही

ताईचं पत्र आलं: "नलूची जर्मनी भोपाळमध्ये अटकली आहे. तू ये." भूगोल माझा शाळेपासून कच्चा, पण इतका नव्हे. म्हणून निघाले.

पुण्याहून मनमाडपर्यंत रेल्वे, मग धुळं, आणि धुळ्याहून इंदूरची मोटार. तुम्हाला जायचं असेल तर डाव्या बाजूची जागा धरा, ऊन चुकतं. आणि पुढच्या चाकावरची टाळा, हाडं शाबूत राहतात. शिरपूर, सेंधवा, मग खलघाटला नर्मदा. गाडीतल्या निम्म्या लोकांनी खिडकीतून नाणी टाकली. उरलेल्या निम्म्यांनी हात जोडून नाणी वाचवली. मी दुसऱ्यांतली.

त्यानंतर घाट चढून मानपूर. आग्रा रोडवरचे झाडून सारे ट्रक इथे चहाला थांबतात. गरम कचोरी घ्या, वर सेव मागू नका, न मागता मिळते. कंडक्टरनं विचारलं, "बाईजी, इंदूर में शादी है?"

"नाही, एक फाइल अडकलीय."

"अरे राम," तो मनापासून म्हणाला, "तो फिर दो जोड़ी कपड़े और ले आते."

इंदूर अजून रुसलेलं आहे. नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. एवढी वर्षं होऊनही टांगेवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळे भोपाळचं नाव सवतीसारखं घेतात. ताईनं दारातच पिशवी हिसकावली. "सामान इथंच रखून दे, आधी पोहे खा. किती वाळलीस गं! पुण्यात खायला देत नाहीत काय?" पोह्यांसोबत जिलबी. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी जिलबी आधी संपली.

आता प्रकरण. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. तीन वर्षं पत्रं लिहून त्यांनी जर्मनीतल्या एका विश्वविद्यालयाशी करार जमवला. दर वर्षी इथला एक विद्यार्थी सहा महिने तिथल्या प्रयोगशाळेत काम करणार आणि ते महिने इथल्या हजेरीत धरणार. बदल्यात तिथले एक प्राध्यापक हिवाळ्यात इथे शिकवणार. विभागानं पहिलं नाव निवडलं नलूचं, माझ्या भाचीचं. पहिली आली होती, त्यामुळे कुणाला कुजबुजताही येईना. जर्मनांनी महिनाअखेरपर्यंत जागा राखली होती. तोवर सरकारची मंजुरी पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला.

मंजुरीऐवजी भोपाळहून एक ओळ आली होती: हे महाविद्यालय परदेशी विश्वविद्यालयाची शाखा आहे काय?

"पण असं का वाटलं त्यांना?" मी विचारलं.

नलूनं कागद पुढे केला. करारावर जर्मनांची सही वर होती, इथल्या प्राचार्यांची खाली.

"म्हणून?"

"म्हणून, मावशी, आपण त्यांच्या खाली. मतलब त्यांचे ताबेदार. आणि शाखा असेल तर नियम वेगळा, परवानगी दिल्लीची. त्यात एक वर्ष तर लागणारच."

कागद भावजींनी केला होता. त्यांचे वडील संस्थानच्या हुजूर-दफ्तरात होते. तिथे कागदावर पाहुण्याचं नाव वर आणि यजमानाचं खाली, अशीच रीत. यजमान वर बसला तर पाहुण्याचा अपमान. राजे गेले, दफ्तर गेलं, वडीलही गेले. रीत मात्र भावजींच्या हातात राहिली होती. जर्मनांना काय, त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली.

"नवा कागद करा ना!"

"त्यावर त्यांच्या सह्या यायला महिना जाईल, मेव्हणीबाई," भावजी म्हणाले. "पण उद्या भोपाळचे शुक्लाजी तपासणीला येतायत. तुम्ही लिहिता, तर काही तरी धारदार लिहून द्या."

मी तीन पानं लिहिली. आतिथ्य, परंपरा, ज्ञानाला सीमा नसणं. वाचून मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघं, भावजी, नलू आणि मी. शुक्लाजी गोरे, किडकिडीत आणि दुर्दैवानं सभ्य होते. दुष्ट असते तर माझं काम सोपं झालं असतं. तीन पानं त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचली.

"बहुत सुंदर लिखा है, बहनजी. पर इसे फाइल में कहाँ लगाऊँ?"

भावजींनी रीत समजावली. शुक्लाजींनी मान डोलावली. "प्रोफ़ेसर साहब, मेरे पिताजी भी मेहमान को ऊपर बिठाते थे. लेकिन नियम में मेहमान का खाना, यानी कॉलम, नहीं है. वहाँ दो ही खाने हैं, स्वतंत्र और अधीन." मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "एक लाइन लिख दीजिए कि हस्ताक्षरों का क्रम भूल से ऊपर-नीचे हुआ. बिटिया का काम मैं आज ही भेज दूँगा."

भावजींनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

हा माणूस कधी चुकत नाही असं मुळीच नाही. बाजारातून मीठ आणायला विसरतो, छत्र्या हरवतो, ताईचा वाढदिवस दर वर्षी दोन दिवस उशिरा साजरा करतो. पण त्या कागदात त्यानं वडिलांनी शिकवलेली सगळ्यांत चांगली गोष्ट घातली होती. आता तिलाच चूक म्हणायचं होतं, आणि तेही सहीनिशी.

"बाबा, नका लिहू," नलू म्हणाली. "मी पुढच्या वर्षी जाईन."

"पुढच्या वर्षी तुझी एम.एस्सी. संपते," भावजी म्हणाले. त्यांनी ओळ लिहिली. त्यांचं अक्षर सुरेख आहे, त्या दिवशीही सुरेखच आलं. शुक्लाजींनी कागद दोन्ही हातांनी घेतला, एवढं मात्र त्यांच्या खात्यावर जमा धरा.

बाहेर पडल्यावर आम्ही कृष्णपुऱ्याकडे चालत गेलो. नदीकाठच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, सकाळच्या वेळी बघा. उन्हं तिरपी असली की दगडातलं कोरीवकाम उठून दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती, त्यामुळे हा सल्ला नलूच्या भरवशावर. तिथून बाजारात जाऊन भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस खाल्ला. दुकानदार ओळखीचा निघाला, इंदुरी रीतीनं सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणणारा. "काय मास्तरसाब, आज गप्प? भिया, बेटी विलायत चाललीय, थोडं तर हसा!" भावजी हसले. मग द्रोण खाली ठेवून मला हळूच म्हणाले, "बरं झालं, ते हिंदीत लिहायचं होतं. मराठीत हात चालला नसता."

मी त्यांच्या द्रोणात माझ्यातला अर्धा कीस घातला.

पुण्याला परतून पंधरा दिवस झाले. काल नलूचं पत्र आलं. मंजुरी वेळेवर पोचली, तिकीट निघालं, ताईनं चकल्यांचा डबा पेटीत बसवण्यासाठी दोन पुस्तकं बाहेर काढली. मंजुरी मात्र तिच्या एकटीच्या सहा महिन्यांना. त्यावरच्या सह्या अजून वर-खालीच आहेत, म्हणून करार दिल्लीला गेलाय. हिवाळ्यात यायचे ते प्राध्यापक आपल्या गावीच आहेत, आणि नलूच्या मागचा विद्यार्थी वाट बघतोय. भावजींनी नवा मसुदा केलाय, दोन्ही नावं शेजारी-शेजारी, एका ओळीत.

या प्रवासावर चांगला खमंग लेख करायचा असं जाताना ठरवलं होतं. टिपणंही काढली होती. ती आता वाचवत नाहीत. भोपाळच्या फाइलीत एका सज्जनाच्या सुरेख अक्षरात एक ओळ आहे आणि ती खोटी आहे. ती त्यानं मुलीसाठी लिहिली. ती भूल नव्हती. हे लिहायला मला कुणाची मंजुरी लागत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.