धाकू सीटवाला आणि सहा फूट तीन इंच

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या रस्त्याला धाकू नागवेकराचं सीट बनवायचं दुकान आहे. वर पत्रा, खाली कोबा, आत फोमचे थर, रेग्झिनच्या गुंडाळ्या आणि त्याची बायको मालन हिचं शिलाई मशीन. बाहेर पाटी नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने येऊच नये, असं धाकूचं म्हणणं. गेली चौतीस वर्षं तो माणसांच्या बुडाखाली गाद्या घालतोय, आणि एवढ्या वर्षांत त्याचं माणसांबद्दलचं मत सुतभरही वर गेलेलं नाही.

माणसाला बसता येत नाही, ही त्याची मुख्य तक्रार. रिक्षावाले एक मांडी सीटवर घालून दिवस काढतात आणि सहा महिन्यांनी कंबर धरून येतात, की सीट वाकडी झाली. 'सीट वाकडी नाय, तू वाकडा,' असं धाकू तोंडावर सांगतो. टुरिस्ट गाडीवाल्यांना झालर हवी, गोंडे हवेत. आत फोम कसला घातलाय हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. आणि नवी गाडी घेणारे तर काय विचारता! वर्षभर सीटवरचं प्लास्टिक काढत नाहीत, घामाने चिकटून बसतात, आणि तरी शेजाऱ्याकडे ऐटीत बघतात. असलं गिऱ्हाईक आलं की धाकू बोलत नाही, नुसता खालचा ओठ पुढे काढतो. त्या ओठापुढे भले भले नरम पडलेत. स्वतः धाकू पाच फूट एक इंच, पण ते कुणी त्याच्यासमोर काढत नाही.

हे काम तो लोट्याला शिकला. तिथल्या एका कारखान्याच्या बसगाड्यांच्या सीटा फाटायच्या, त्या शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली तो सोळाव्या वर्षी लागला. पाळी सुटली की कामगार बसमध्ये यायचे आणि सीटवर अक्षरशः सांडायचे. मान एकीकडे, हात एकीकडे. माणूस खरा बसतो तो तेवढ्या वेळेलाच, बाकी सगळं नाटक, हे धाकूने तिथे मनाशी पक्कं केलं. मापाची त्याची रीतही तिथलीच. गिऱ्हाइकाला तो भाताच्या तुसाने भरलेल्या पिशवीवर बसवतो, तसलीच दुसरी पिशवी पाठीमागे उभी लावतो, आणि माणूस उठला की दोन्ही पिशव्यांतले खड्डे बघतो. टेप नंतर. 'तोंड खोटा बोलता, तूस बोलत नाय,' म्हणतो.

तर गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, टेम्पोच्या मागच्या हौद्यात दोरखंडाने बांधलेली एक लाल गाडी त्याच्या दारात आली. जुनी, विलायती, दोन माणसांची, वरचा टप पत्र्याचा, उंची धाकूच्या छातीपर्यंत. टेम्पोतून उतरला सहा फूट तीन इंचांचा म्हातारा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पुढे बांधलेले. पालीपलीकडच्या वाडीतला गंगाराम गराटे.

"धाकूशेठ, या गाडीत मला बसतं करा," तो म्हणाला.

"शेठबिठ म्हणू नका. ही गाडी हाय की चपलेचं खोकं? घेताना उंची बघितली नाय काय?"

घेतली नव्हतीच त्याने. एकतीस वर्षं तो मुंबईला एका सेठकडे ड्रायव्हर होता. सेठची मोठी गाडी तो चालवायचा; ही लाल मात्र सेठ रविवारी स्वतः चालवायचे. गंगारामने ती धुवायची, पुसायची, दार उघडून उभं राहायचं आणि सेठ बसले की लोटायचं. चालवायची इच्छा त्याने एकदा बोलून दाखवली, तेव्हा सेठ हसले होते. तुझ्या उंचीची सीट जगात कुणी बनवलेली नाही, गंगाराम. पुढे तो निवृत्त झाला, सेठनी ही गाडी 'ठेव तुझ्याकडे' म्हणून त्याच्या दारात पाठवली आणि त्याच वर्षी ते गेले. कागद झाला नाही. सहा वर्षं गंगारामने ती ताडपत्रीखाली जपली. दर गुरुवारी बाहेर उभा राहून, आत हात घालून तो इंजिन चालू करायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा. सहा वर्षांत धाकट्या सेठना, म्हणजे सेठच्या मुलाला, गाडीची आठवण नव्हती. आता पुण्यात कुणीतरी तिच्यासाठी भलती किंमत बोललं, तशी झाली. सोमवारी ट्रक येणार होता.

"त्याच्या आधी मला एकदा चालवायची आहे," गंगाराम म्हणाला. "इथून पालीपर्यंत. बाकी काही नको. आणि मूळचं काही कापू नका हां, गाडीला नवं भोकसुद्धा नको. सेठच्या घरची वस्तू आहे, जशीच्या तशी परत गेली पाहिजे."

धाकूला त्याचा असा राग आला की विचारू नका. गाडी हातची चाललीय, आणि हा बाप्या भोकाची काळजी करतोय. एकतीस वर्षं दार धरून धरून याच्या अंगात दारवान मुरलाय. असल्या माणसाचं काम करायचं म्हणजे आपल्या हाताचा अपमान, असं धाकूला वाटलं. तो नाहीच म्हणणार होता. पण त्या सेठचं बोलणं त्याला डाचत होतं. जगात सीट नाही म्हणे. सेठला सीटमधलं काय कळतं? बुडाखाली कुणीतरी घातली म्हणून बसले, एवढंच.

"बसा तुसावर," धाकू म्हणाला.

गंगाराम बसला. उठल्यावर धाकूने पिशव्या बघितल्या. खालच्या पिशवीत चांगला खड्डा पडला होता. पाठीची पिशवी जशीच्या तशी होती. सपाट पाठ, धाकूने ठरवलं, ड्रायव्हर लोकांची असते. आणि इथेच शहाणा गंडला.

मूळची सीट त्याने अख्खी काढून गोणत्यात बांधली. होती त्याच भोकांवर लोखंडी पट्टी बसवून नवी चौकट मागे सरकवली, म्हणजे गुडघे स्टिअरिंगला लागणार नाहीत. खाली स्प्रिंग न घालता नुसते ताणलेले पट्टे, वर बोटभर कडक फोम. पाठ सरळ, सपाट, मापाप्रमाणे. गुरुवारी दुपारी गंगाराम आत शिरला आणि त्याचं डोकं टपाला ठक्कन लागलं.

धाकूने फोम उतरवला. शुक्रवारी पुन्हा ठक्क. पट्टे सैल केले, चौकटीचे पाय कापले, आता सीट जवळजवळ जमिनीला टेकली. शनिवारी सकाळी गंगाराम आत बसला तर मान तिरकी करून बसावं लागत होतं. त्या मानेने पालीपर्यंत जाणं सोडा, समोरचा रस्तासुद्धा दिसला नसता.

"राहू दे, धाकूशेठ," गंगाराम बाहेर येऊन म्हणाला. "सेठ बोलले होते ते बरोबर होतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

याच्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर धाकूला चाललं असतं. चौतीस वर्षांत त्याची सीट कुणाला झाली नाही असं घडलं नव्हतं, आणि आता एक गडीमाणूस त्याची समजूत घालत होता. तो आत येऊन फोमच्या ढिगावर बसला आणि उंच माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. देवाने हाडं दिली, अक्कल द्यायला जागा उरली नाय. दारात वाकतात, खाटेबाहेर पाय काढून झोपतात, आणि दोष सुताराला.

मालन मशीनवरून उठून दारापर्यंत गेली होती. बाकाकडे बघत म्हणाली, "अवो, त्या दिवशी पाठीच्या पिशवीत खड्डा नव्हता ना?"

"पाठ सपाट हाय त्याची."

"सपाट कसली? ती टेकलीच नाय. आतापण बघा. मागे भिंत हाय, पण हा टेकलाय कुठे?"

धाकूने बघितलं. गंगाराम बाकावर ताठ बसला होता. पाठ आणि भिंत यांच्यात चांगली वीतभर जागा होती. मंगळवारपासून हा माणूस रोज याच बाकावर तासन् तास बसला, आणि धाकूने, ज्याने बसणाऱ्यांना नावं ठेवत जन्म काढला त्याने, हे बघितलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याचं डोकं जास्तच फिरतं.

तो बाहेर गेला. "गंगारामदादा, तुम्ही टेकत का नाय?"

गंगाराम गोंधळला. मग म्हणाला, "सवयच नाही. नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात जरा रेललो होतो, तर मागून सेठनी विचारलं, ड्रायव्हर झोपला वाटतं. तेव्हापासून नाही टेकलो."

"गाडीत?"

"कुठेच नाही. मग घरी पण तसंच झालं."

"सेठ कधी गेले?"

"सहा वर्षं झाली."

"मग आता पाठ कुणाची?"

धाकूने गंगारामला दंडाला धरून आत आणलं, तुसावर बसवलं, पाठीला पिशवी लावली आणि त्याच्या छातीवर तळवा ठेवून सरळ मागे दाबलं.

"अवो, म्हातारा माणूस हाय," मालन म्हणाली.

"गप गो. दादा, अंग सोडा. पाळी सुटलीय तुमची. सोडा."

म्हाताऱ्याचं अंग लाकूड झालं होतं. धाकू दाबत राहिला, तो ताठत राहिला, आणि हे बराच वेळ चाललं. मग आधी खांदे गेले, मग मान. पिशवीतलं तूस करकरलं आणि गंगाराम हळूहळू मागे गेला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. धाकूने तिकडे बघितलं नाही. त्याला रडणाऱ्या गिऱ्हाइकांचाही तिटकाराच आहे. त्याने त्याला उठवलं आणि खड्डा मापला. चार बोटं खोल होता.

आता काम सोपं होतं. पाठ तिरपी केली, खांद्यांना खोलगट जागा, कमरेला काथ्याची उशी. मालनने रविवारी दुपारपर्यंत शिवून दिली. गंगाराम आत शिरला, टेकला, पाय लांब गेले, हात स्टिअरिंगवर सैल पडले. डोकं आणि टप यांच्यात दोन बोटं जागा उरली. धाकूने ती स्वतःची बोटं घालून बघितली.

पालीला धाकू त्याच्याबरोबर गेला, कारण 'छान झाली' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर धाकूचा विश्वास नाही. कुवारबावला सिग्नलवर लोक बघायला लागले तसा गंगाराम ताठ झाला आणि डोकं आपटलं. "टेका," धाकू म्हणाला. खेडशीला पुन्हा तेच. हातखंब्याच्या पुढे मात्र त्याला सांगावं लागलं नाही. पालीच्या नाक्यावर ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, तेव्हा गंगारामने रेललेल्या अंगानेच दोन बोटं वर केली. परत येताना तो काहीतरी गुणगुणत होता. आवाज भिकार होता, असं धाकू अजून सांगतो.

दुकानापाशी ट्रक उभा होता. धाकटे सेठ एक दिवस आधीच आले होते, वाडीवर चौकशी करून थेट इथे. चाळिशीचा माणूस, काळा चष्मा, हातात फोन. गंगारामने गाडी त्यांच्यासमोर आणून थांबवली, इंजिन बंद केलं. धाकू आपल्या बाजूने उतरला.

"गंगाराम," धाकटे सेठ म्हणाले. बाकी काही नाही. दोन पावलं मागे सरले, दार उघडायला जागा ठेवून.

गंगारामचा हात कडीवर गेला. पाठ सीटवरून सुटली. आता हा डोकं आपटणार, बाहेर येणार, आणि त्या काळ्या चष्मेवाल्यासाठी दार धरून उभा राहणार. घाल मेल्या, आठवड्याची मेहनत घाल मातीत, असं धाकू मनात म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला एका गिऱ्हाइकाने बसून राहावं असं वाटत होतं, अगदी जीव तोडून वाटत होतं.

हात कडीवरून खाली आला. गंगाराम मागे टेकला.

"बोला, धाकटे सेठ."

"बाहेर ये ना. ट्रकवाला खोळंबलाय."

"काय म्हणालात?"

गाडीचा टप धाकट्या सेठच्या छातीखाली होता. उभ्याने त्यांना आतला चेहराही दिसत नव्हता. त्यांनी एकदा धाकूकडे बघितलं. धाकूने खालचा ओठ पुढे काढला. मग ते कमरेत वाकले आणि पुन्हा तेच बोलले, जरा मोठ्याने.

"आणखी थोडं खाली," गंगाराम रेललेल्या जागेवरून म्हणाला. "इथे आत ऐकू येत नाही."

धाकट्या सेठनी फोन खिशात टाकला, एक हात टपावर टेकवला आणि मिरजोळ्याच्या रस्त्यावर, गाडीच्या दाराशी, ते उकिडवे बसले.