अर्चनाच्या मापाची गाडी

सालवडच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत अर्चना कायम शेवटी उभी असायची. सहावीत ती बाईंच्या कानापर्यंत पोचली, आठवीत बाईंच्याही वर गेली, आणि तेव्हापासून तिनं आपणहून पोक काढायला सुरुवात केली. मान पुढे, खांदे आत, जणू कायम खाली पडलेलं काहीतरी शोधत असावी. तिच्या आईला, रंभाबाईला, त्यात काही वावगं दिसलं नाही. "आधीच खांब, त्यात ताठ चालली तर कोण विचारील?" ती म्हणायची. वडील मात्र मागून यायचे आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध एक बोट टेकवायचे. टोचायचे नाहीत, नुसतं टेकवायचे.

"ताठ," एवढंच म्हणायचे.

रामकिसन स्वतःही असेच उंच. परभणीकडून तारापूरला रंगाच्या कारखान्यात आले तेव्हा सोबतचे कामगार त्यांना 'ऐ लंबे' म्हणूनच हाक मारायचे. ट्यूब बदलायची असो की वरचा व्हॉल्व्ह फिरवायचा असो, शिडीच्या आधी लंबे. सायकलची सीट पार वर ओढली तरी वळताना त्यांचे गुडघे हँडलला लागत. तशाच सायकलवर, पाय फाकवून, त्यांनी सगळी नोकरी काढली. "आपल्या मापाचं कुणी आधी करून ठेवत नसतं बाळा," ते लेकीला सांगायचे. "हुडकावं लागतं. सापडलं की सोडायचं नाही."

अर्चना रसायनशास्त्र शिकली आणि एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटच्या पाठीवर गुडघे रुतवून जाता येता तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली: स्वतःची मोटारसायकल. स्कूटी नाही. स्कूटी तिनं बसून पाहिली होती. बोईसरच्या शोरूममधला पोरगा "मॅडमसाठी हीच बेस्ट" म्हणत होता आणि हँडल वळवताच तिच्या गुडघ्यावर आपटत होतं. सोबत दीपा होती, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची, प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणारी, अर्चनाच्या जेमतेम खांद्याला लागणारी.

"उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं," दीपा म्हणाली. "शेळीवर बसलेला उंट आज पायला."

शोरूमवाला पोरगाही हसला. अर्चना हसली आणि उतरली.

साध्या मोटारसायकलीही झाल्या. दर ठिकाणी एकच प्रश्न, "पाय टेकतात ना?" टेकायचे, नुसते टेकायचे नाहीत तर दुमडून बाजूला पडायचे. पाय टेकले की गाडी बसली, असं सगळ्यांनी धरलेलं. गुडघा कुठे जातो, पाठ किती वाकते, हे कुणी विचारतच नव्हतं. विचारलं ते रामकिसननी. पालघरच्या शोरूममध्ये ते तिच्यासोबत गेले, आणि ती बसली की दोन पावलं मागे सरकून, शिंपी माप बघतो तसे तिच्याकडे बघत राहिले. "उतर. पाठीला बाक येतोय." दुसरी. "उतर. कोपर मुडपतंय."

कोपऱ्यात एक उंच, लांबट टाकीची, खडबडीत टायरांची गाडी धूळ खात उभी होती. "ती इथं कुणी घेत नाही," माणूस म्हणाला. "लोकांचे पाय लोंबतात."

अर्चनानं टांग टाकली. दोन्ही टाचा जमिनीवर आल्या. गुडघे टाकीच्या खोलगट बाजूंत असे जाऊन बसले की जणू ती खाच कुणी तिलाच विचारून पाडली होती. हात सरळ, मान सरळ. तिनं समोरच्या काचेत पाहिलं तर तिला एक बाई दिसली जी काहीही शोधत नव्हती.

रामकिसन मागे उभे होते. त्यांनी बोट उचललं नाही. "ही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते शोरूमच्या छताकडे बघत होते.

दसऱ्याला गाडी आली. रंभाबाईनं कुरकुरत का होईना, हँडलला झेंडूची माळ घातली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढचे दिवस अर्चना उगीचच रस्ते धुंडाळत राहिली. सुट्टीच्या दिवशी केळव्याकडे, माकुणसारच्या खाडीकाठानं, मिठागरांच्या पांढऱ्या ढिगांजवळून. एमआयडीसीतला तो आंबूस वास मागे पडायचा आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू व्हायचा, त्या मधल्या पट्ट्यात वाऱ्याला कसलाच वास नसायचा. तिथे ती हळू चालवायची. परतताना पाठ दुखायची नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू तिच्यापुढे माफी न मागता उभी होती, आणि तीही त्या वस्तूपुढे.

मग एक स्थळ आलं. याआधी तीन आली होती. फोटो पसंत पडायचा, उंची कळली की फोन येणं बंद व्हायचं. हे स्थळ रामकिसनसोबत एकाच पाळीत काम केलेल्या बळवंतकाकांनी आणलं. मुलगा निमेश, तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला, स्वभावानं गरीब. "उंची थोडी कमी आहे," रामकिसन म्हणाले. "पण माणूस बघ आधी." रविवारी बघायला येणार होते. बघू, अर्चना म्हणाली. तिला त्याचं वावडं नव्हतं.

त्याच आठवड्यात रामकिसन म्हणाले, "सीटच्या शिवणीतून पाणी शिरेल. तू आज बसनं जा, मी कव्हर घालून आणतो." संध्याकाळी गाडीवर तपकिरी, दुहेरी शिवणीचं देखणं कव्हर होतं. अर्चनानं त्यावरून हात फिरवला. "अण्णा, कसलं भारी!" रामकिसन पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटपाशी पोचेपर्यंत तिची पाठ भरून आली. झोप झाली नसेल, तिला वाटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. गुडघे टाकीच्या खाचेतून वर सरकले होते, जणू गाडी रात्रीतून आकसली. तिनं पंपावर जाऊन हवा तपासली. हवा बरोबर होती. पंपावरच्या माणसानं सीटवर पंजा दाबला. "सीट बसली हाय ताई. नवीन केली काय?"

तिच्या लक्षात आलं. अण्णांना फसवलं होतं. साधा माणूस बघून आतला चांगला फोम काढून घेतला आणि रद्दी भरली. तिच्या कानशिलांत ऊन उतरलं. ते कव्हर शिवणाऱ्या, बोईसरच्या पुलाखालच्या आत्मारामच्या टपरीसमोर तिनं गाडी लावली आणि हेल्मेट न काढताच सुरू झाली.

"माझ्या वडिलांना फसवलंत तुम्ही. म्हातारा माणूस बघून आतला फोम बदललात ना?"

आत्मारामनं दातांत धरलेला दोरा सोडला. "कोन फसवला? थांबा, थांबा. ती उंच गाडी ना? तुमचा बापूस आलता. उंच काका."

"तेच."

"मी त्याला तीनदा बोललो, काका, ही सीट कापू नका, उंच मानसाची गाडी हाय ही. तर बोलला, काप. माझ्या जावयाचे पाय टेकले पायजेत." त्यानं वाकून स्टुलाखालून एक करडी वडी काढली. विटेएवढी जाड, एका बाजूनं करवतीचे दात उमटलेली. "ह्यो बघा तुमचा फोम. फेकला नाय मी. चांगला माल हाय."

जावयाचे. मुलानं अजून तिला पाहिलंही नव्हतं.

"परत चिकटेल?" तिनं विचारलं.

"चिकटवतो. पन जोड तो जोड. बसली का खाली कळनार तुमाला." त्यानं दोरा पुन्हा हातात घेतला. "बापूस हाय. रागावू नका."

तिनं वडी पोटाशी धरून आणली. घरी रामकिसन रविवारसाठी एका लाकडी स्टुलाचे पाय कापत होते. रंभाबाईचा बेत असा होता की पाहुणे यायच्या आधीच अर्चनानं बुटक्या स्टुलावर बसून घ्यायचं, पोहे शेजारीण नेईल, आणि ते जाईपर्यंत उठायचं नाही. अर्चनानं वडी त्यांच्यासमोर ठेवली.

करवत थांबली.

"तुम्हीच म्हणाला होता ना, सापडलं की सोडायचं नाही."

"अगं ऐकून तर घे." रामकिसन तिच्याकडे बघत नव्हते. "गाडी तू सासरी नेणार. तो कधीतरी चालवणारच. चौकात त्याचे पाय अधांतरी लोंबले तर चार लोक हसतील. बायकोच्या गाडीवर पाय पुरत नाहीत म्हणतील. पुरुषाला ते सोसत नाही बाळा. तीन स्थळं गेली. ही चौथी जाऊ द्यायची?"

"आणि मी?"

"तुझं काय. तुझं भागतं. तुला सवय आहे वाकायची."

आतून रंभाबाई म्हणाली, "बरोबर बोलतायत ते." अर्चनाला तिचा राग आला नाही. आईनं कधी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. तिनं आपला शब्द पाळला होता.

रविवारी ती स्टुलावर बसली नाही. पाहुणे उंबऱ्यात आले तेव्हा दाराशी उभी होती, सगळी. निमेशनं मान वर करून पाहिलं आणि हसला. "बळवंतकाकांनी सांगितलं होतं. तरी एवढं नव्हतं वाटलं." त्यात टोमणा नव्हता. रंभाबाईनं पदर तोंडाला लावला. पोहे झाले, चहा झाला. रामकिसननी घसा साफ केला. "गाडी बघितली का आमच्या अर्चनाची? या ना, बसून तरी बघा. पाय टेकतात, काळजी नको."

सगळे बाहेर आले. निमेशनं गाडीभोवती एक फेरी मारली, आदरानं, अनोळखी कुत्र्याभोवती मारावी तशी. "नको काका. मला दुचाकी येत नाही. लहानपणी चिंचणीला मामाच्या गाडीवरून पडलो, तेव्हापासून हातच लावला नाही." मग अर्चनाकडे वळून, "तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

सगळे हसले. रामकिसन सगळ्यांच्या नंतर हसले.

पाहुणे कळवतो म्हणून गेले. निमेश वाईट नव्हता, हे अर्चनाला दिसलं होतं. कदाचित चांगलाच होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, तिच्याइतकंच. पण त्या दुपारी तिच्या मनात त्याच्यासाठी जागा नव्हती. तिनं आतून किल्ली आणि फोमची वडी आणली. रामकिसन अजून गाडीपाशीच होते.

"ऐकलंस ना," ते घाईनं म्हणाले, "मागं बसतो म्हणाला. चांगलंच झालं की. उद्या मी सीट पहिल्यासारखी करून आणतो. आत्मारामकडे नवा फोम असेल."

"फोम माझ्याकडे आहे. तुम्ही हात लावू नका, अण्णा."

वडी तिनं मागे दोरीनं बांधली आणि टांग टाकली. गुडघे वर आले, कोपरं मुडपली, पाठीला तो बाक आला, रांगेतल्या शेवटच्या मुलीचा. ती आणखी थोडी वाकली. मुद्दाम नाही. सीटच तशी होती.

आरशात तिला रामकिसन दिसले. त्यांचा हात उठला होता, एक बोट पुढे, तिच्या पाठीच्या रोखानं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. ते वीतभर अंतरावर येऊन थांबलं. ओठ हलले असावेत. अर्चना वाट बघत राहिली. तो शब्द त्यांनी म्हणावा असं तिला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही.

त्यांनी बोट मिटून घेतलं आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला.

अर्चनानं गाडी सुरू केली आणि तशीच, वाकून, पुलाच्या दिशेनं निघाली.