सार्जंटचं वजन

साडेचार हजार डॉलर. एका बोकडाचे. तेसुद्धा खच्ची केलेल्या, पैदाशीला उपयोग नसलेल्या आणि जानेवारी संपायच्या आत खाटकाकडे जाणाऱ्या बोकडाचे. डॉ. व्हिटेकरांच्या बायकोनं हा आकडा सांगितला तेव्हा माझ्या हातातली कॉफी बुटांवर सांडली. मी म्हटलं, अहो बाई, माझी पिकअप मी याहून कमी पैशांत घेतली होती आणि ती अजून धावतेय. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, "मिस ओलीटा, हा तर आम्हाला स्वस्तात पडला."

मी ओलीटा. आमच्या काउंटीच्या जनावरांच्या प्रदर्शनात शेळ्यांच्या रिंगणाच्या फाटकावर उभी असते आणि पोरांना ओळीनं आत सोडते. कधीपासून ते विचारू नका. आता जी पोरं आत जातात, त्यांच्या आयांनाही मीच दटावलंय. शर्ट खोच, च्युइंगम थुंक, परीक्षकाकडे पाठ करू नकोस. टेक्ससच्या या कोपऱ्यात जानेवारी म्हणजे प्रदर्शन. त्या आठवड्यात शाळेतसुद्धा कुणी फिरकत नाही.

तर व्हिटेकर. दातांचे डॉक्टर, माणूस भला. त्यांची केन्ड्रा तेरा वर्षांची. तिचा बोकड ओक्लाहोमातल्या मोठ्या पैदासकाराकडून येतो आणि घरी न येता थेट एका पगारी माणसाच्या गोठ्यात जातो. तिथं त्याला पळायला फिरता पट्टा, थंडीत अंगावर झूल, खाणं मोजूनमापून. प्रदर्शनाच्या दिवशी केस कापायला आणखी एक माणूस, तो वेगळे पैसे घेतो. केन्ड्रा शनिवारी जाऊन बोकडाला भेटून येते. यावरून लोक तिला टोमणे मारतात, मीही मारलेत. पण बोकड ट्रकवर चढवायची वेळ आली की ही पोरगी इतरांइतकीच हमसून रडते, हेही मी दरवर्षी बघते.

मधल्या घरांची तऱ्हा निराळी. कुणी एखादं वासरू विकून बोकड घेतं, कुणी आजोबांना लाडीगोडी लावतं. पाचशेत बसवायचं ठरवतात आणि हजारावर जातात, मग वर्षभर नवराबायको त्यावरून भांडतात.

आणि सगळ्यांत शेवटी अल्विन कुबेना. त्याचाच विषय काढायचा होता मला, पण आकडे आठवले की माझं डोकं भणभणतं.

अल्विन पशुखाद्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या गाड्यांत भारी खाद्याची पोती चढवायची आणि स्वतःसाठी फाटलेली पोती अर्ध्या किमतीत घरी न्यायची. बोकडही घरचाच, त्यांच्या चार-पाच शेळ्यांपैकी एकीचा. असा बोकड अंगानं भरत नाही, पाठ रुंद होत नाही, परीक्षकाचा हात त्यावर फार थांबत नाही. अल्विनला हे ठाऊक होतं. त्यामुळे त्यानं आणि त्याच्या लेकीनं, ट्वायलानं, वेगळीच वाट धरली होती. आमच्याकडे एक स्पर्धा हाताळणीची असते. तिच्यात बोकडाला गुण नसतात, पोराला असतात. जनावर कसं चालवतोस, परीक्षक जवळ आला की बोकडाच्या छातीला गुडघा लावून त्याला कसं ताठ उभं करतोस, तुझी नजर कुठे आहे, विचारलेल्या प्रश्नाला काय सांगतोस, एवढंच बघतात. तिथं पैसा फारसा कामाला येत नाही. तिथं रोज संध्याकाळी मुकाट्यानं केलेली मेहनत दिसते.

जिंकणाऱ्याला कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळतं, चांगलं बशीएवढं. पोरं ते शाळेत घालतात, चर्चमध्ये घालतात, पुढं स्वतःच्या लग्नातही घालतात. ट्वायला मागची दोन वर्षं दुसरी आली होती. हे तिचं शेवटचं वर्ष, अठरा झाली की संपलं. तिला ते बक्कल हवं होतं, आणि अल्विनला ते तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. ती जिंकली तर दुकानातल्या कुणाचीही 'घरचा बोकड आणलास का रे यंदाही?' म्हणायची छाती होणार नव्हती.

आता नळीचं सांगायलाच हवं. बोकडाचं वजन कमी भरलं किंवा पोट खपाटीला गेलेलं दिसलं, तर काही लोक त्याच्या घशात नळी घालून पाणी ओततात. हात जरा चुकला तर ते पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जातं आणि जनावर उभ्या उभ्या बुडून मरतं. आमच्या मैदानावर नळीला बंदी आहे. सापडलं तर पोर सगळ्या स्पर्धांतून बाद, कुणाचंही असो. आणि ही बंदी आणायला सर्वांत जास्त भांडला होता तो अल्विनच. दुकानात नळी मागायला कुणी आलं की तो पोतं खाली ठेवून त्याला आधी समजावायचा, मग सुनवायचा. मालक वैतागायचा, की बाबा रे, तू विकायला आहेस की हाकलायला.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मैदानाच्या एका टोकाला सरावाचा काटा ठेवलेला असतो, खरं वजन व्हायच्या आधी लोक तिथं खात्री करून घेतात. ट्वायलाच्या बोकडाचं नाव सार्जंट. घरून पाणी आणलं होतं तरी त्यानं रात्रीपासून तोंड लावलं नव्हतं, नवीन जागा, वारा, बिचारा नुसता कुडकुडत होता. सरावाच्या काट्यावर तो एक पौंड कमी भरला. एकच पौंड. पण नियम असा की किमान वजन भरलं नाही तर बोकड घरी, आणि बोकड घरी गेला की पोरगीही हाताळणीतून घरी. मी अल्विनला म्हटलं, जरा उन्हात धर त्याला, पिईल. त्यानं मान हलवली आणि तो, ट्वायला आणि बोकड गाड्यांच्या दिशेनं गेले.

थोड्या वेळानं तो परत आला तेव्हा बोकड त्याच्या दोन्ही हातांवर आडवा होता. मान लोंबत होती. नाकाशी फेस. मागून ट्वायला, हातात नुसता दोर. मैदानावरच्या गोठ्यातली बोकडांचे केस वाळवायची यंत्रं एकामागून एक बंद झाली. आमच्या प्रदर्शनाचा प्रमुख म्हातारा फ्लॉइड पुढं झाला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. अल्विन म्हणाला, पोट फुगलं, गाडीशी नेतानाच गेला.

कुणालाही शंका आली नाही. येणार कशी? अल्विन कुबेना सांगतोय म्हटल्यावर विषय संपला. बायांनी ट्वायलाला जवळ घेतलं, कुणी गरम टॅको आणून दिला, तो तिनं तसाच हातात धरून ठेवला. ती रडत नव्हती. मला वाटलं, धक्का बसलाय पोरीला.

जनावर मैदानावर आपल्या मरणानं मेलं तर पोराला दुसऱ्याचा बोकड घेऊन हाताळणीत उतरता येतं, अशी सोय आमच्या नियमांत आहे. फ्लॉइडनं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, कोण देतंय? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण ज्याचा त्याचा बोकड ज्याच्या त्याच्या पोराला लागणार होता. तेवढ्यात केन्ड्रा पुढं आली. तिचा वयोगट खालचा, त्यांचं वजन आणि फेरी आदल्या दिवशीच आटोपलेली. तिनं साडेचार हजाराच्या बोकडाचा दोर ट्वायलाच्या हातात दिला. तिच्या त्या पगारी माणसाचा चेहरा पांढराफटक पडला, पण डॉक्टर म्हणाले, तिचा बोकड आहे, तिला देऊ दे. त्या क्षणी मी माझे सगळे टोमणे गिळले.

दुपारी मोठ्या पोरांची फेरी लागली. मी फाटक उघडलं. ट्वायला आत गेली आणि पहिल्या वळणातच सगळ्यांना कळलं की आज हिच्यापुढे कुणी टिकणार नाही. अनोळखी जनावर, पण तिच्या हाताखाली ते असं चाललं, असं ताठ उभं राहिलं, की केन्ड्राचं तोंड उघडंच राहिलं. अल्विन प्रेक्षकांत अगदी वरच्या पायरीवर बसला होता. टोपी गुडघ्यावर, आणि टोपीवर दोन्ही हात घट्ट.

शेवटी तिघं उरली. परीक्षक बाहेरगावचा तरुण माणूस. त्यानं माईक घेतला आणि तिघांना एकच प्रश्न विचारला, हे वर्ष पुन्हा मिळालं तर काय वेगळं करशील? पहिला म्हणाला, खाद्यातली प्रथिनं लवकर वाढवेन. दुसरी म्हणाली, चालवायला आधीपासून सुरुवात करेन. नेहमीचीच उत्तरं. मग माईक ट्वायलापुढं आला.

"हा बोकड माझा नाही, सर. माझा सकाळी मेला."

परीक्षक म्हणाला, त्याला कळलंय, फार वाईट झालं.

"पोट फुगून नाही मेला," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "वजन भरत नव्हतं म्हणून आम्ही त्याला नळीनं पाणी पाजलं. मी त्याचं तोंड धरून ठेवलं होतं. त्याला ठसका लागला तेव्हा मी थांबा म्हणाले, पण एकदाच म्हणाले. हे वर्ष पुन्हा मिळालं तर मी हात सोडून देईन."

लाऊडस्पीकरवरून हे सगळ्या मैदानानं ऐकलं, बाहेर सॉसेज भाजणाऱ्या लोकांनीसुद्धा. परीक्षक माईक तसाच तिच्या तोंडासमोर धरून उभा. माझ्या मागं एक बाई पुटपुटली, अल्विन? आपला अल्विन? मीही तेच म्हणत होते, मनात. त्याला नुसतं बघितलं तरी लोक नळी लपवायचे हो. तो असं करेल?

अल्विन उठला. पायऱ्या उतरला. कठड्याशी येऊन तो फ्लॉइडला म्हणाला, "आम्ही नाही, फ्लॉइड. मी. तिनं थांबा म्हटलेलं मी ऐकलं होतं."

फ्लॉइड आणि तो लहानपणापासूनचे मित्र. फ्लॉइड रिंगणात गेला आणि ट्वायलासमोर टोपी काढून उभा राहिला.

"पोरी, नियम तुला माहीत आहे."

"हो सर."

तिनं दोर केन्ड्राच्या हातात दिला, बोकडाच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि फाटकाकडे आली. फाटक मलाच उघडायचं होतं. मी कडी काढली. परीक्षकानं नंतर मला सांगितलं की त्याचा निकाल तिच्या बाजूनं आधीच ठरला होता, प्रश्न विचारला तो रीत म्हणून. तो तरुण माणूस हे सांगताना रडायचा बाकी होता.

मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. का गेले कोण जाणे. गाडीशी अल्विन उभा होता. मागं ताडपत्रीखाली सार्जंट. मला वाटलं तो लेकीची माफी मागेल. पण माणूस अजून त्या एका पौंडातच अडकला होता.

"एक मिनिट गप्प राहिली असतीस," तो म्हणाला, "तर बक्कल तुझं होतं."

ट्वायलानं त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

"आणि मग मी रोज ते कमरेला लावून तुमच्यासमोर जेवायला बसले असते, डॅडी?"

अल्विननं खिशातून गाडीची चावी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"तूच चालव," तो म्हणाला. "माझ्या हातांचा भरवसा नाही."

तिनं चावी घेतली. तो दुसऱ्या बाजूनं चढून बसला आणि त्यानं काच वर केली. गाडी खड्ड्यांतून हळूहळू रस्त्याला लागली. रिंगणाकडून कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं, पुढची पोरं फाटकाशी खोळंबली होती, आणि मला तिथून हलता येत नव्हतं.