एकाच बाजूचं फेस-लिफ्ट

"डावी बाजू ऱ्हाऊ द्या म्याडम," सिंधूकाकू म्हणाल्या. याही खेपेला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमधल्या एका पार्लरमध्ये मी ब्युटिशियन होते. मालकीणबाईंनी मुंबईहून फेस-लिफ्टचं मशीन आणलं होतं. त्याच्या दोन धातूच्या कांड्या, म्हणजे प्रोब, गालावर टेकवल्या की बारीक करंट जातो. स्नायू आकसतात आणि ओघळलेला गाल वर ओढला जातो. आधी उजवी बाजू करायची आणि आरसा हातात द्यायचा, हा धंद्याचा डाव. फरक दिसला की बाई दुसरी बाजू मागतेच.

पिंपळगावच्या या काकूंनी ती कधीच मागितली नाही. दर आठवड्याला टेम्पोतून यायच्या. करंट चालू असताना आरशात बघत पुटपुटायच्या. बाई जरा चक्रम आहे, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी शब्द ऐकू आले. "जेवली का गं? मामाकडं गेलते काल."

"कुणाशी बोलताय काकू?"

"रंजीशी. पोरगी माझी. काविळीनं गेली. तोंडवळा माझाच व्हता तिचा. तुम्ही करंट लावला की या बाजूला ती येती. ही बाजू माझी. दोघी बसतो जरा."

मी आरशात पाहिलं. डावा डोळा भरलेला, उजवीकडे ओठाचा कोपरा वर. हसणारा. खोटं कशाला बोलू, मलाही विशीतली मुलगी दिसली.

"जरा वाढवा. आज नीट दिसंना."

गाल आधीच लालबुंद झाला होता. आणखी वाढवलं तर कातडी भाजली असती. मी मालकीणबाईंना बाहेर गाठलं.

"गिऱ्हाईक खूश आहे ना? मग तुझ्या का पोटात दुखतंय?" त्या म्हणाल्या.

मी आत आले आणि मशीन बंद केलं. गाल खाली उतरला.

"रंजे, थांब की!"

मला फार वाईट वाटलं. पोरीला मीच हाताला धरून घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. काकूंनी दोन बोटांनी गाल वर ढकलला, तसाच धरला आणि उठल्या. मालकीणबाईंसमोरून तशाच गेल्या, टेम्पोत तशाच बसल्या. पुन्हा आल्या नाहीत. मी बोलणी खाल्ली.

मशीननं वय कमी होतं का, असं बायका आजही विचारतात. स्विच चालू असेपर्यंत होतं, असं मी सांगते. कुणासाठी कमी करायचंय, ते मात्र आधी विचारून घेते.