परत आलेली आमटी

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे — माफ करा. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, म्हणून तर लिहिता येतंय.

दहिवलीत आम्ही बायका मिळून जेवणाचे डबे करतो. टेंपो आधी चौक गावात गॅरेजवाल्यांकडे जायचा, मग शेवटी खालापूरच्या कारखान्यात. हे काम मंदाताईंनी उभं केलं. त्यांची एक रीत होती — परत आलेला डबा नुसता घासायचा नाही, उघडून बघायचा. काय उरलं, कुणाचं उरलं. शनिवारी भांडी झाली की सगळ्या गोल बसून त्यावर बोलायचो. गॅरेजवाल्यांचे हात काळे, पोळी जिथं धरतात तेवढा तुकडा टाकून देतात — मग आम्ही पोळ्या कागदात गुंडाळून द्यायला लागलो. कारखान्यात जेवायला वेळ थोडा — मग शेवग्याच्या शेंगा बंद केल्या. मंदाताई म्हणायच्या, माणसाला लगेच दोष द्यायचा नाही, चुलीपासून खाणाऱ्याच्या तोंडापर्यंतचा सगळा रस्ता आधी बघायचा.

डबे उघडायचं काम माझं. मागच्या मोरीवर, एकटीनं. मला ते आवडायचं, कुणाशी बोलावं लागत नाही ना. सुटलेली शाळा परत मिळाल्यासारखं वाटायचं.

भाजी विमल करायची, आमटी मी. विमलनंच मला या कामावर आणलं होतं. नाहीतर मी कुठं तोंड उघडून काम मागणार होते?

उन्हाळा लागला आणि खालापूरच्या डब्यांतून आमटी परत यायला लागली. भाजी चाटूनपुसून संपलेली, आमटी तशीच. माझी आमटी. चौकच्या डब्यांत मात्र तिचा थेंब नसायचा. हे मी रोज बघत होते — आणि मोरीत ओतत होते.

शनिवारी सगळ्यांसमोर कसं सांगायचं, की माझ्या हातचं कुणी खात नाही? मंदाताईंनी विचारलं, "काय उरतंय गं?"

मी म्हटलं, "भाजी."

चुकून निघालं, असं लिहू का? नाही. चुकून नव्हतं.

विमल हसली. "काय गं, माज्या भाजीशी वैर हाय का तुजं? घरी तर वाटी भरून नेतेस!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग तेल बदललं. मसाला बदलला. भाजीवाला बदलला. दर शनिवारी मला विचारायचे आणि दर शनिवारी मी तेच सांगायचे. सगळं बदलून झाल्यावर बदलायला काय उरलं? विमलचा हात. मंदाताईंनी नाइलाजानं तिला स्वयंपाकाच्या भांड्यांवर घातलं; डबे उघडायचं माझ्याकडेच राहिलं. तिथं मजुरी कमी. त्या दिवशी मोरीवर माझ्या शेजारी बसून विमल म्हणाली, "माजी चवच गेली असंल गं." आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी डबे घासत राहिले. आणि पुढच्या शनिवारी सांगितलं — आता भाजी संपते.

विमलनं मुलीच्या शाळेसाठी मंदाताईंकडून उचल घेतलेली होती. कमी मजुरीत ती फिटेना. मुलीला आईकडे ठेवून ती माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायला गेली.

त्यानंतर कारखान्यातून निरोप आला — उद्यापासून डबे नकोत. मंदाताईंनी हातापाया पडून दोन दिवस मागून घेतले आणि स्वतः टेंपोत बसून गेल्या. खालापूरला डबा उघडून त्यांनी आमटी चाखली. आंबलेली. ओल्या नारळाचं वाटण, गरम असतानाच लावलेलं झाकण, वर तापलेला टेंपो. चौकला चांगली लागायची, खालापूरला पोचेपर्यंत उतरायची. मग आमटी निववून भरायला लागलो, नारळ बंद केला, टेंपो आधी खालापूरला पाठवला. झालं. कारखाना टिकला.

चूक विमलच्या हाताची नव्हती. माझ्याही हाताची नव्हती — रस्त्याची होती. आणि तो रस्ता रोज माझ्या समोर उघडा पडलेला असायचा. चौकचे डबे रिकामे, खालापूरचे भरलेले. मी खरं बोलले असते तर मंदाताईंनी पहिल्याच शनिवारी ओळखलं असतं.

त्यांनी विचारलं, "पण परत तर भाजी यायची ना गं?"

"दोन्ही यायचं," मी म्हटलं. कुणी पुढं विचारलं नाही. मी कमी बोलते, म्हणून मी खोटं बोलत नाही, असं सगळ्यांना वाटतं.

मंदाताईंनी विमलला परत चुलीवर बोलावलं. ती आली नाही. म्हणाली, "नको ताई, माज्या हाताला चव नाय."

ती महिन्यातून एकदा मुलीला भेटायला खाली उतरते. जाताना उचलीतले थोडे थोडे पैसे मंदाताईंना द्यायला माझ्याच हातात ठेवायची. परवा शेवटचे दिले. तिची बोटं साबणानं उलली आहेत. "मोजून घे गं," म्हणाली. मी तिच्यासमोर मोजले. संध्याकाळी मंदाताईंना नेऊन दिले.

विमलची उचल पूर्ण फिटली.