दोनदा हात धुवायला लावणारं पुस्तक

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या वसंताने, माझ्या बालमित्राने, एका पुस्तकाला हात लावण्याआधी मला दोनदा हात धुवायला लावले. एवढं सोवळं तर त्याच्या देवघरातही नाही!

पुस्तक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा सुभाषितसंग्रह, त्याला रद्दीत सापडलेला. माझ्याकडेही तो आहे, आणि वीस वर्षं मी तो ‘पहिली आवृत्ती’ म्हणून मिरवतो आहे.

“तुह्या प्रतीवर तसं कुठं लिहिलं आहे?” वसंताने विचारलं.

“बाहेरच्या कागदी वेष्टनावर होतं.”

“अन् वेष्टन कुठं आहे?”

ते मीच फेकलं होतं. फाटकं दिसत होतं, म्हणून लाल कापडाची, सोनेरी अक्षरांची बांधणी करून घेतली. आत कुठेच आवृत्ती छापलेली नाही. वसंताच्या जीर्ण प्रतीवर मात्र वेष्टन शाबूत, आणि त्यावर ठळक ‘आवृत्ती पहिली’.

मी जळलो, मंडळी. तुपात बुडवलेल्या समिधेसारखा.

तेवढ्यात त्याची मुलगी आली. “काका, तुमचं पाहून झालं काय? माझं अर्धं वाचायचं राहिलं आहे,” म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली. तिने हात धुतले नव्हते. वसंता कौतुकाने तिच्याकडे पाहत होता.

घरी येऊन मी माझी प्रत मुलापुढे ठेवली.

“पापा, बाइंडिंग मस्त है,” तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइल बघू लागला.

तुमच्या घरची जुनी पुस्तकं कोण उघडतं हो? माझं पुस्तक माझ्यानंतर कोणी उघडणार नाही, याची मला भीती वाटते.